बालकांपासून मृत्यू दडवावा काय?

सन 1978मध्ये ‘वॉटरशिप डाउन’ हा सशांच्या जीवनावरील ॲनिमेशनपट ब्रिटनच्या चित्रपट-परीक्षण मंडळापुढे दाखल झाला, तेव्हा मंडळाने त्यास सर्व वयाच्या प्रेक्षकांना मोकळीक देणारा ‘यू’ दाखला दिला. आणि तो देताना असा अभिप्राय नोंदविला की, रेखाटलेल्या चित्रांमुळे रक्तपाताची दाहकता मंदावते, आणि कथा चालू असेतो बालकांचे मन हेलावले तरी तिचा प्रभाव ओसरल्यावर ते फारसे व्यथित राहणार नाही. या निर्णयाविरुद्ध पालकांच्या तक्रारी त्या मंडळाच्या दफ्तरी पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. अखेर 2022मध्ये तोच चित्रपट पुन्हा तपासून, त्यातील हिंसा, भय, रक्ताची क्षणिक दृश्ये आणि अपशब्द यांकडे निर्देश करून, मंडळाने तो पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या ‘पीजी’ वर्गात घातला. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत चित्रपटातील एकही चित्र बदलले नव्हते. बदलली होती ती बालकाने काय पाहावे व काय पाहू नये याविषयीची समाजाची धारणा. हा चित्रपट मी शाळकरी वयात पाहिला होता, आणि आता प्रौढपणी तो पुन्हा पाहिल्यावर या धारणेविषयी काही स्पष्टपणे लिहावे असे वाटते. कारण हा प्रश्न ब्रिटनपुरता नाही, ज्या ज्या घरात मूल आणि पडदा एकत्र नांदतात त्या प्रत्येक घराचा आहे.

चित्रपटाचा आधार असलेली कादंबरी रिचर्ड ॲडम्स या सनदी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्याने लिहिली. शेक्सपिअरची नाटके पाहण्यासाठी स्ट्रॅटफर्डला जाताना मोटारीतील लांबचा प्रवास सुसह्य व्हावा म्हणून आपल्या दोन मुलींना त्यांनी ही कथा प्रथम तोंडी सांगितली, आणि मुलींच्याच आग्रहास्तव ती कागदावर उतरविली. अनेक प्रकाशकांनी साभार परत केलेले हे हस्तलिखित अखेर रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकाने 1972मध्ये छापले, आणि त्याच वर्षासाठीचे कार्नेगी पदक, म्हणजे इंग्लंडातील बालवाङ्मयाचा श्रेष्ठ सन्मान, त्या पुस्तकास लाभला. दुसऱ्या महायुद्धात ॲडम्स हे छत्रीधारी सैन्याला रसद पुरविणाऱ्या एका तुकडीत अधिकारी होते. कथेतील शांत, विचारी हेझल हा आपले वरिष्ठ मेजर जॉन गिफर्ड यांच्यावरून, आणि आडदांड परंतु एकनिष्ठ बिगविग हा कॅप्टन डेझमंड कॅव्हनॉ यांच्यावरून आपण घडविला, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. यांपैकी कॅव्हनॉ 1944मध्ये आर्नहेमच्या लढाईत धारातीर्थी पडले. ज्या लेखकाने आपल्या सोबत्यांना गमावलेले होते, त्याने सशांची गोष्ट सांगताना मरण वगळले नाही, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. आणि ज्या मुलींना ती गोष्ट सांगितली गेली त्यांच्या शेजारी सांगणारा पिता बसलेला होता, ही बाबही या ठिकाणी ध्यानात घ्यावी अशी आहे.

कथानक थोडक्यात असे. इंग्लंडच्या दक्षिण भागातील सँडलफर्ड येथे सशांची एक जुनी वसाहत आहे. फायव्हर नावाच्या दुबळ्या, परंतु भविष्याची चाहूल लागणाऱ्या सशाला सायंकाळच्या उजेडात समोरचे शेत रक्ताने भरून आलेले दिसते. त्याचा भाऊ हेझल त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि मूठभर सोबत्यांना घेऊन रातोरात वसाहत सोडतो. अरण्य, नदी, कुत्रा, ससाणा, फासे अशा संकटांतून वाट काढीत हे ससे हॅम्पशर परगण्यातील एका उंच टेकडीवर पोहोचतात, आणि तेथे नवे बिऱ्हाड थाटल्यावर वंश चालविण्यासाठी माद्यांच्या शोधात त्यांची गाठ जनरल वूंडवर्टच्या जुलमी राज्याशी पडते.

निर्माता मार्टिन रोझन याने, मूळ दिग्दर्शक जॉन ह्युबली याच्याशी मतभेद झाल्यानंतर, दिग्दर्शनाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, आणि चित्रपट जाणूनबुजून गोडव्यापासून दूर ठेवला. यातील ससे मोठ्या डोळ्यांचे, गुबगुबीत, माणसाचे कपडे घातलेले ससे नव्हेत. त्यांचे स्नायू, त्यांची धाव, कान टवकारून स्तब्ध राहण्याची त्यांची तऱ्हा खऱ्या सशांच्या निरीक्षणातून आलेली आहे, आणि त्यांच्या मागील टेकड्या, ओढे व कुंपणे हॅम्पशरच्या प्रत्यक्ष भूप्रदेशावरून जलरंगांत चितारलेली आहेत. या सौम्य, ओलसर, हिरव्या निसर्गातच रक्त सांडते. व्हायोलेट ही ससाण्याच्या झडपेत निमिषार्धात नाहीशी होते. बिगविगच्या गळ्यात तारेचा फास आवळतो आणि त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त येते. आणि मागे राहिलेल्या वसाहतीची बिळे माणसांनी बुजविल्यावर आत कोंडलेल्या सशांचे काय झाले, हे तेथून जीव वाचवून आलेला कॅप्टन हॉली सांगतो तेव्हा पडद्यावर एकमेकांत मिसळलेली, श्वासासाठी धडपडणारी मुखे दिसतात. डिस्नेच्या 1942मधील ‘बांबी’ या चित्रपटातही हरिणीचा वध आहे, पण तेथे केवळ बंदुकीचा बार ऐकू येतो, देह दिसत नाही. ‘वॉटरशिप डाउन’ ही मर्यादा ओलांडतो, आणि बालपणी ज्यांनी तो पाहिला त्यांच्या स्मरणात प्रामुख्याने राहते ते हेच: रक्त, दात आणि कोंडलेला श्वास.

प्रौढ वयात मात्र या दृश्यांपेक्षा फार वेगळ्या गोष्टी भयावह वाटू लागतात, आणि या चित्रपटाचे खरे मोल मला तेथे दिसते. चित्रपटात सशांच्या तीन राज्यव्यवस्था येतात, आणि त्या तिन्हींमध्ये आपल्या परिचयाचे काही ना काही आहे. पहिली व्यवस्था सँडलफर्डच्या प्रमुखाची. फायव्हर आणि हेझल त्याच्याकडे दाद मागायला जातात, तेव्हा तो त्यांना हाकलून देत नाही. तो त्यांचे म्हणणे वृद्धाच्या सौजन्याने ऐकून घेतो, आणि हा हंगाम स्थलांतराचा नव्हे असे सांगून त्यांची बोळवण करतो. तो दुष्ट नाही, क्रूर नाही. दीर्घ काळ निर्वेधपणे अंमल चालविल्यामुळे अनिष्ट वार्ता खरी असू शकते हे त्याला सुचतच नाही. ज्या शेतात त्याची रयत चरते तेथे घरे बांधण्याच्या योजनेचा फलक आधीच उभा राहिलेला आहे, आणि तो वाचण्याची शक्ती कोणाही सशात नाही. लहानपणी हा प्रसंग कथेची प्रस्तावना म्हणून निघून जातो. प्रौढपणी, धरणाखाली जाणारी गावे, दरडीखाली येणारी वस्ती आणि वेळेवर न ऐकलेले अर्ज यांची वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे वाचलेल्या माणसाला तो संपूर्ण चित्रपटातील सर्वांत दुःखद प्रसंग वाटू लागतो.

दुसरी व्यवस्था कौस्लिप नावाच्या सशाच्या वसाहतीची. येथे बिळे प्रशस्त आहेत, अन्न विपुल आहे, ससे धष्टपुष्ट, सुसंस्कृत आणि काव्यशास्त्रविनोदात रमणारे आहेत. केवळ एक शिरस्ता येथे कसोशीने पाळला जातो, तो असा की, अमुक एक कोठे गेला हे कोणी कोणाला विचारायचे नाही. जवळचा शेतकरी रोज गाजरे व मुळे टाकतो, कोल्ह्यांचा व इतर शत्रूंचा बंदोबस्त करतो, आणि मोबदल्यात आपल्या गरजेप्रमाणे फासे लावून मांस नेतो. प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि प्रत्येकाने न बोलण्याचा अलिखित करार केलेला आहे. बिगविग फासात तडफडत असता फायव्हर मदतीसाठी आक्रोश करतो, तेव्हा कौस्लिप त्याला गप्प राहावयास सांगतो. कारण ओरडण्याने फास नाहीसा होणार नाही, पण स्वास्थ्य मात्र भंगेल. ससाण्याची झडप ही निसर्गाची गोष्ट आहे आणि तिच्यात पाप नाही. परंतु शेजाऱ्याच्या मरणावर आपले जेवण अवलंबून आहे हे जाणून त्या मरणाचा उच्चार न करणे, ही समाजाने स्वीकारलेली अधोगती आहे. मुलांसाठी काढलेल्या कोणत्याही चित्रपटात इतका मर्मभेदी नैतिक प्रसंग मी पाहिलेला नाही.

तिसरी व्यवस्था एफ्राफाची. येथे वूंडवर्टचा हुकूम चालतो. प्रत्येक सशाच्या अंगावर चावा घेऊन खूण केलेली आहे, त्या खुणेवरून त्याचा गट व चरण्याची वेळ ठरते, सरहद्दीवर गस्त आहे, आणि परवान्याशिवाय ये-जा करण्याची मुभा कोणालाही नाही. पळून जाण्याचा प्रयत्न केलेल्या ब्लॅकव्हारचे कान फाडून त्याला बिळाच्या तोंडाशी उभे केले जाते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याने आपला गुन्हा स्वमुखाने सांगायचा असतो. ही सारी नाकेबंदी सुरक्षिततेच्या नावाने उभी आहे, आणि चित्रपटाचा न्याय्यपणा असा की, ती सुरक्षितता खोटी आहे असे तो म्हणत नाही. एफ्राफात शत्रू शिरत नाहीत हे खरेच आहे. मूळ कादंबरीत तेथील गर्दीमुळे माद्यांच्या पोटातील गर्भ न जन्मताच देहात विरून जातात. हा तपशील लेखकाने रोनाल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाच्या सशांवरील ग्रंथातून घेतलेला आहे आणि तो प्राणिशास्त्राला धरून आहे. जेथे भयापोटी जीवन इतके आवळले जाते, तेथे पुढची पिढीच जन्मास येत नाही; एफ्राफाविषयी याहून अधिक बोलके असे दुसरे काही सांगता येणार नाही.

या तिन्ही व्यवस्थांच्या समोर हेझलची लहानशी टोळी उभी आहे, आणि तिचे वैशिष्ट्य बळात नाही. हेझल हा सर्वांत शक्तिमान नाही, सर्वांत चतुर नाही, द्रष्टाही नाही. दुबळ्याचे ऐकून घेणे आणि प्रत्येकाच्या अंगी असलेल्या गुणाला काम देणे एवढेच त्याचे नेतृत्व. जखमी समुद्रपक्षी केहार याला तो आसरा देतो, आणि पुढे तोच पक्षी हेझलच्या पायातील बंदुकीचे छर्रे आपल्या चोचीने काढतो. अखेरच्या संग्रामात अरुंद बिळात बिगविग एकटा वूंडवर्टला अडवून धरतो आणि सांगतो की, ही वाट राखण्याचा हुकूम आपल्याला आपल्या प्रमुखाने दिला आहे. तेव्हा, याच्याहूनही बलवान कोणी तरी मागे उभा असला पाहिजे, असा विचार मनात येऊन तो जुलमी सेनापती क्षणभर चपापतो. जो सर्वांत दांडगा तोच प्रमुख, यापलीकडचे राज्य त्याच्या कल्पनेतच बसत नाही. दहा वर्षांच्या मुलाला या प्रसंगात झुंज दिसते. चाळिशीच्या माणसाला त्यात राज्यशास्त्राचा एक संपूर्ण धडा दिसतो. आणि ज्याने पहिली पाहिली त्यालाच दुसरा सापडतो.

आता मृत्यूविषयी. चित्रपटाच्या आरंभीच, निराळ्या आणि आदिम चित्रशैलीत, सशांची सृष्टिकथा येते: सूर्यदेव फ्रिथ याने सर्व प्राणी निर्माण केले, सशांचा आदिपुरुष एल-अहरैरा याची प्रजा अनावर वाढली व उन्मत्त झाली, म्हणून देवाने इतर प्राण्यांना दात, नखे व भूक दिली, आणि सशाला दिले पळते पाय व युक्ती. अर्थात या विश्वात मरण हे नियमाने आलेले आहे, लहरीने नव्हे. पुढे, टोळी संकटात असता हेझल आपल्या प्राणांच्या बदल्यात सर्वांचे प्राण वाचवावेत अशी याचना करतो, तेव्हा देव ती मान्य करीत नाही. असा सौदा होत नसतो, जे आहे ते आहे, असे उत्तर मिळते, आणि मग हेझलला स्वतः धावत जाऊन शेतावरील कुत्रा मोकळा करण्याचा उपाय योजावा लागतो. आणि शेवटी, पिले निर्धास्तपणे चरत असताना, वृद्ध हेझलला न्यावयास मृत्यूचा दूत असलेला काळा ससा येतो, तो आदराने येतो, आणि हेझल निमूटपणे त्याच्यासोबत निघतो. मृत्यूची ही दोन रूपे, कोंडलेल्या बिळांतील आणि उन्हातील टेकडीवरील, एकाच कथेत शेजारी ठेवून चित्रपट मुलाला जे सांगतो ते मोठमोठ्या ग्रंथांनाही सहज सांगता येत नाही: मरण टळत नाही, परंतु अन्यायाने मारले जाणे आणि जगून झाल्यावर जाणे यांत महदंतर आहे.

याविरुद्ध घेतला जाणारा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. 2016 साली ईस्टरच्या रविवारी, मुले सुट्टीत घरी असताना, एका ब्रिटिश दूरचित्रवाणी वाहिनीने हा चित्रपट दुपारी दाखविला, आणि अनेक पालकांनी रोष व्यक्त केला. सशांचा चित्रपट म्हणून मूल पडद्यापुढे बसवावे, आपण स्वयंपाकघरात जावे, आणि परत यावे तो मूल भयाने गोठलेले असावे, हा अनुभव कोणत्याही आईबापाला संताप आणणाराच आहे. मुलाचे वय, त्याचा स्वभाव, घरात नुकताच घडलेला वियोग, या गोष्टींचा विचार केल्यावाचून असे काही त्याच्यापुढे ठेवणे निष्काळजीपणाचे होय. परंतु या आक्षेपाचा रोख नीट पाहिला, तर तो मृत्यूच्या दर्शनावर नसून मुलाच्या एकटेपणावर आहे. अंधाऱ्या माजघरातून जाताना मूल वडीलधाऱ्याचे बोट धरते. त्यावर उपाय म्हणून माजघर पाडावे असे कोणी म्हणत नाही.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर बालकांना सांगितलेल्या कथा कधीच निर्भेळ गोड नव्हत्या. ‘शिवलीलामृता’तील श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांची कथा, ज्यात अतिथीच्या मागणीसाठी मातापिता आपल्या चिलया बाळाचा वध करतात, ती महाराष्ट्रातील घराघरांतून लहानथोरांच्या कानी पडत आली. भोपळ्यात बसून लेकीच्या घराहून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतील वाघ खरोखरीच भुकेला आहे, आणि तो भुकेला आहे म्हणूनच मुले श्वास रोखून ती ऐकतात. प्रल्हादाला कड्यावरून लोटले जाते, ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठविले जाते. या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले भेदरली, रडली, आणि तरीही त्याच कथा पुन्हा मागत राहिली. कारण ती सांगणारी आजी वा आई अंगाला अंग लावून बसलेली असे, तिच्या आवाजात कथेचा शेवट ठाऊक असल्याचे आश्वासन असे, आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याचा हक्क मुलाला असे. कथा तितकीच काळोखी होती. परंतु तिचा भार मुलाला एकट्याने वाहावा लागत नव्हता.

आज स्थिती उलट होत चालली आहे. मुलांसाठी तयार होणारे चित्रपट अधिकाधिक निरुपद्रवी असावेत असा आग्रह आपण धरतो, आणि त्याच वेळी मुलाच्या हातात फोन देऊन त्याला पाहण्याच्या बाबतीत सर्वस्वी एकटे सोडतो. निरुपद्रवी चित्रांवर वाढलेल्या या मुलाला पहिला मृत्यू पडद्यावर भेटत नाही. तो आजोबांच्या रूपाने घरात भेटतो, आणि त्या दिवशी त्याच्यापाशी त्याविषयी बोलण्यास शब्द नसतात, प्रतिमा नसतात, पूर्वी सोबतीने पाहिलेली एखादी गोष्टही नसते. मरण न दाखविण्याने मूल मरणापासून वाचत नाही. त्याची भेट केवळ तयारीविना होते. आणि अन्यायाचेही तसेच आहे: कौस्लिपच्या वसाहतीतील मौन ज्याने बालपणी पाहून अस्वस्थता अनुभवली, तो मोठेपणी तसल्या मौनात सामील होण्यापूर्वी एकदा तरी थबकेल, अशी आशा करावयास जागा आहे.

म्हणून ब्रिटिश मंडळाचा 2022चा निर्णय मला योग्य वाटतो, आणि तो बंदी नव्हे म्हणून योग्य वाटतो. पालकांनी मार्गदर्शन करावे असे म्हणणारा दाखला पालकांवर एक कर्तव्य टाकतो. आपल्याकडेही सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन वयोगट केले आहेत, आणि त्या त्या वयाखालील मुलांच्या बाबतीत निर्णय आईबापांच्या विवेकावर सोपविला आहे. हा विवेक कागदावर राहिला तर कोणत्याही दाखल्याचा उपयोग नाही. दाखल्यावरील आकडा वाचून मुलाला पडद्यापुढे सोडून देणे, किंवा तोच आकडा वाचून चित्रपट कायमचा हद्दपार करणे, या दोन्हींत पालकाने करावयाचे काम झालेलेच नसते.

माझी विनंती साधी आहे. ‘वॉटरशिप डाउन’सारखा चित्रपट प्रथम स्वतः पाहावा, प्रौढाच्या दृष्टीने, पूर्ण लक्ष देऊन पाहावा, आपले मूल त्यासाठी तयार झाले आहे असे वाटेल तेव्हाच, ते आठव्या वर्षी असो की बाराव्या, त्याच्या शेजारी बसून तो पुन्हा पाहावा, मुलाने थांबवा म्हटले तर थांबवावा, आणि चित्रपट संपल्यावर ते जे विचारील त्याला खरे उत्तर द्यावे, मग तो प्रश्न कोंडलेल्या सशांविषयी असो, काळ्या सशाविषयी असो, की आपले आईबाप कधी मरतील याविषयी असो. असे उत्तर देण्याचे धैर्य आईबापांनी दाखविले, तर मुलांना या चित्रपटापासून अपाय होणार नाही, लाभच होईल, अशी माझी खात्री आहे.